जाबे राहतो डोंगरावर

चौकीवर आदाला बसमधून उतरवलं तेव्हा त्याच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेला उकडलेला भोपळा होता. धाकट्या भावासाठी चालवला होता. आदा म्हणजे माझा बाप, जाबे. भाऊ म्हणजे जालो. तो इथून दोन जिल्हे पलीकडे चहाच्या मळ्यावर राहायचा. त्याच्या पोटात पाणी झालं होतं आणि डॉक्टरनं हात वर केले होते.

पोलीस म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. त्यानं थाईत विचारलं, "आजोबा, कुठं निघालात?"

आदा म्हणाला, "हो."

"हो काय? कुठं चाललात?"

"हो. हो."

बसमधल्या दोन बाया फिसकन हसल्या. मी मध्ये पडले तर पोरगं म्हणतं, "मावशी, तुम्हाला नाही विचारलं." माझ्याकडे देशाचं कार्ड आहे, मला कोण अडवतो. आदाचं कार्ड गुलाबी. गुलाबी कार्डावर माणूस ह्या डोंगरात चाळीस वर्षं राहू शकतो, झाडं लावू शकतो, बायको पुरू शकतो, पण जिल्ह्याबाहेर जायचं तर सरपंचाची चिठ्ठी, कचेरीचा शिक्का, आणि साहेब जाग्यावर असला तर आठवडा. भोपळा आम्ही चौकीमागच्या बाकावर बसून खाल्ला. आदा म्हणाला, "आजारी माणूस आठवडाभर थांबेल. मेलेला नाही थांबायचा."

हे त्याचं दुखणं होतं. सांगते.

आम्ही आखा जमातीचे लोक. आमच्यात माणूस मेला की त्याच्या रक्ताच्या पुरुषानं त्याच्या कानाशी बसून पहिल्या पूर्वजापासून त्याच्यापर्यंत सगळी नावं म्हणायची. तीच त्याची वाट. साठाच्या वर पिढ्या आहेत, आणि एकही कुठं लिहिलेली नाही. बापाच्या नावाचा शेवट हीच पोराच्या नावाची सुरुवात, म्हणून ते हातात हात घालून येतात. सुमिओ, ओथोले, थोलेजू. असं खाली येत येत लेपो, पोजा. पोजा माझा आजा. पोजाचे दोन पोरगे, जाबे आणि जालो. मध्ये अडखळलं तर पुढून धरायचं नाही, परत सुमिओपासून यायचं. तुटक्या वाटेवर मेलेल्याला सोडत नाहीत.

जालोला पोरगा नाही. त्याचं अख्खं गाव ख्रिस्ती होऊन चर्चमध्ये गेलेलं, वाट सांगणारा म्हातारा कधीच मेला. उरला आदा. भाऊ मेला की दिवसात पोचायचं तर देशाचं कार्ड पाहिजे. कार्ड पाहिजे तर कचेरीतल्या समितीसमोर उभं राहून थाईत उत्तरं द्यायची. आदाला तेव्हा साठी ओलांडून चार वर्षं झालेली.

शाळेत संध्याकाळचा वर्ग निघाला होता. शिकवायला शहरातली एक पोरगी यायची, ख्रू पिम म्हणायचे तिला. ख्रू म्हणजे मास्तरीण. गोड बोलायची, आणि त्या गोडीचाच मला राग यायचा. आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या पहिलीच्या बाकड्यांवर गुडघे छातीला लावून बसायच्या आणि ही टाळ्या वाजवून त्यांच्याकडून रंगांची नावं म्हणवून घ्यायची. लाल सांगितला की म्हाताऱ्या लाल म्हणायच्या. पुढच्या संध्याकाळी ख्रूनं लाल कागद वर धरला की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या.

मी म्हटलं, "ख्रू, ह्या वयात नाही राहत हो डोक्यात."

"असं म्हणायचं नाही मावशी. वय हा नुसता बहाणा असतो. मन लावलं की कुठल्याही वयात जमतं. मी इंग्रजी तीन वर्षांत शिकले."

"कितव्या वर्षी?"

"सातव्या."

मी बाकडी भिंतीला लावायला घेतली. ती समजली असती तर लाजली असती, आणि लाजलेली मास्तरीण येत नाही.

माझ्या घरात येऊन बघा म्हणावं. मी अकरा वर्षांची असताना मला खालच्या गावात वसतिगृहात टाकलं. तिथं आखा बोललं की दुपारभर उन्हात उभं करायचे. वर्षात थाई शिकले. आज मी थाईत भांडते, हिशेब करते, स्वप्नंसुद्धा थाईत पडतात. तरी बाजारात तिसऱ्या शब्दाला दुकानदारीण विचारतेच, "डोंगरातली का गं तू?" आणि माझी पोरगी मीदो, शाळेतलं नाव ओराया. तिला कुणी काही शिकवलं नाही. पाळणाघरात ठेवली आणि तीन वर्षांची होईतो टीव्हीतल्या बाईसारखी बोलायला लागली. आखा तिला समजतं, पण उत्तर थाईत देते. नऊ वर्षांची आहे. म्हणजे एका चुलीभोवती तिघं. एकाला येत नाही, एकीला येऊन येत नाही, आणि एकीला न शिकता येतं. ह्यात मन कुणी किती लावलं?

वर्गात जमेना म्हणून मीदोनं आजाला घरीच धरलं. कॉफी निवडता निवडता दोघांची शाळा चालायची.

"आबो, असं नाही. शेवटी तोंड मिट."

"मिटलं की."

"कुठं? उघडंच आहे. ओठ लाव ना शेवटी. असे."

आमच्या बोलीत शब्दाचं तोंड उघडंच राहतं. थाईत कितीतरी शब्दांचं दार शेवटी लावून घ्यावं लागतं, कधी ओठानं, कधी जिभेनं. ते दार आदाला ऐकूच यायचं नाही. पोरगी दोन वेगवेगळे शब्द म्हणायची आणि आदा विचारायचा, "दोन्ही एकच की?" ती हसून लोळायची. तोही हसायचा. पहिले काही दिवस हसायचा.

"आबो, तू मठ्ठ आहेस."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आदा म्हणाला, "मारू नको. खरं बोलते ती." आणि कॉफीच्या बियांमधून बोटं फिरवत बसला. ज्या माणसाच्या डोक्यात साठ पिढ्या एका दमात उभ्या आहेत, त्याला संध्याकाळपर्यंत पाच वाक्यं टिकेनात. मला वाटायचं, जागाच नसेल. आधीच्यांनी सगळी घरं धरली असतील.

एक दिवस तो म्हणाला, "सुटे दाणे हातात राहत नाहीत. दोरा पाहिजे."

मग त्यानं मीदोकडून उत्तरं आपल्या पद्धतीनं ओवून घेतली. एका वाक्याचा शेवट तोच पुढच्याची सुरुवात. पोरीला खेळच मिळाला. माझं नाव जाबे. जाबे राहतो डोंगरावर. डोंगरावर पिकते कॉफी. कॉफी पितो देश. देशाचा झेंडा. झेंड्याचे रंग लाल, पांढरा, निळा. असं करत पार शेवटच्या उत्तरापर्यंत. आणि खरं सांगते, चार दिवसांत त्याला सगळं आलं. दारं उघडीच होती, सूर आमचेच होते, पण ओळ सरळ यायची. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, पूर्वजांची नावं म्हणताना बसायचा तसाच बसून म्हणायचा. मी चूल फुंकायची थांबून ऐकायची.

कचेरीत तारीख मिळाली ती उन्हाळ्यात. आदानं काळं जाकीट घातलं, केसांना तेल लावलं. खोलीत लांब टेबल, मागं पाच जण, मध्ये साहेब, कडेला चष्मेवाली बाई. मला मागच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, तोंड उघडायचं नाही.

साहेब चांगला होता. मुद्दाम सावकाश बोलला. "आजोबा, आपल्या झेंड्यात कोणते रंग आहेत?"

आदानं डोळे मिटले. "माझं नाव जाबे. जाबे राहतो डोंगरावर. डोंगरावर पिकते..."

"नाव नंतर सांगा. झेंडा. झेंडा."

ओळ तुटली. आदानं डोळे उघडले, परत मिटले. मला माहीत होतं आता काय होणार, आणि मला खुर्चीतून उठता येत नव्हतं.

"माझं नाव जाबे. जाबे राहतो डोंगरावर. डोंगरावर पिकते कॉफी. कॉफी पितो..."

"हो हो, कळलं. रंग सांगा ना, रंग."

"माझं नाव जाबे."

कुणीतरी म्हणालं, "कॅसेट अडकली वाटतं." टेबलामागं हशा पिकला. साहेबानं हात वर करून त्यांना गप्प केलं आणि दुसरा प्रश्न घेतला. "बरं राहू द्या. काय पिकवता तुम्ही?" आदा परत नावापासून आला. पिकवण्याचं उत्तर तिसरंच होतं, तो तिथं पोचतच होता, पण साहेबाला वाटलं परत तेच सुरू झालं, आणि त्यानं एक वाक्य आधी त्याला थांबवलं.

मी उठले. "साहेब, मध्ये तोडू नका. त्याला शेवटपर्यंत जाऊ द्या, तुमची सगळी उत्तरं येतात त्यात."

"तुम्ही बसा. बोलता त्यांना आलं पाहिजे, तुम्हाला नाही."

चष्मेवाली बाई म्हणाली, "पाठ करून आलेत हो. पाठांतराला भाषा म्हणत नाहीत."

खरं होतं तिचं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. पण खरं बोलून ती घरी गेली आणि तिला गाडीनं कुठंही जाता येतं. म्हाताऱ्याकडं पाठांतराशिवाय दुसरं काय होतं? तरणा असताना त्यांनी त्याला कधी शिकवलं नाही. तेव्हा त्याला डोंगर तोडायला ठेवला. जीभ लाकूड झाल्यावर बोलावून विचारतात, वाकते का बघू.

पाऊस सरला, कापणी झाली की परत या, असं सांगितलं.

खाली उतरताना आदा म्हणाला, "शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नाही."

"पुढल्या वेळी उलटसुलट तयारी करू."

"उलटं म्हणत नाहीत," तो म्हणाला.

त्यानं मग ध्यास घेतला. मध्ये तोडलं तरी लगेच पुन्हा पळता आलं पाहिजे म्हणून तो ओळ घोटत बसला. झाडं छाटताना, डुकरांना कोंडा घालताना, झोपाळ्याच्या सणाला सगळं गाव वर-खाली होत असताना हा खाली बसून ओठ हलवतोय. माझं नाव जाबे, जाबे राहतो डोंगरावर. शेजारीण विचारायची, "काय गं, म्हातारा स्वतःलाच हाका मारतो का?" मीदो जाता-येता ओरडायची, "तोंड मिट, आबो!"

जालो कापणीनंतर गेला. दुपारी मी कॉफी धूत होते, फोन वाजला. जालोची बायको.

"गेला," ती म्हणाली. "सकाळी गेला. दादांना सांग."

शनिवार होता. कचेरी बंद, सरपंच खाली शहरात. मी म्हटलं, "काकी, सोमवारपर्यंत ठेवता येईल?"

"कसं ठेवू? वास यायला लागलाय आत्ताच. चर्चवाले म्हणतात उद्या सकाळी खड्डा करतो, गाणी म्हणतो. चांगले आहेत बिचारे. पण त्यानं मरताना माझा हात धरून सांगितलंय, दादाकडून वाट घे." मग म्हणाली, "फोनवर नाही का होणार? मी कानाशी धरते त्याच्या."

आदानं ऐकून घेतलं. हात-पाय धुतले. काळं जाकीट घातलं. पूर्वजांना भात ठेवायच्या फळीखाली बसला आणि मला म्हणाला, "मोठ्यानं ऐकू येईल असं ठेव." मीदो दाराशी उड्यांची दोरी घेऊन उभी होती, ती आत येऊन बसली.

"धरलाय कानाशी," पलीकडून काकी म्हणाली. कोंबडा आरवला तिकडं कुठंतरी.

आदानं सुरू केलं. सुमिओ, ओथोले, थोलेजू. आवाज आमच्या आदाचाच होता. कित्येक महिने ऐकला नव्हता मी तो. त्या आवाजात अडखळणं नाही, ओठ शोधणं नाही. नावामागून नाव येत होतं, डोंगर उतरल्यासारखं. पलीकडे काकी हळू रडत होती. मला वाटलं, होऊ दे काहीही, कार्ड जाऊ दे खड्ड्यात, हे तर आमचं आहे.

"...लेपो. पोजा. जाबे. जाबे राहतो डोंगरावर. डोंगरावर पिकते कॉफी. कॉफी पितो..."

थाईत. भावाच्या मेलेल्या कानात.

तो थांबला. पोजानंतर जालो म्हणायचं होतं. जीभ रोजच्या वाटेनं गेली.

"दादा?" काकी म्हणाली. "काय बोलताय? नाव कुणाचं घेतलंत?"

"चुकलं," आदा म्हणाला. "थांब. धर परत."

परत सुमिओपासून. ह्या वेळी सावकाश, एकेक नाव चाचपत. मी मुठी आवळून बसले होते. पोजा आला. आदानं श्वास घेतला. त्याच्या ओठांचा आकार मी बघत होते, आणि त्या ओठांमधून निघालं, "जाबे. जाबे राहतो..."

जिवंत माणसाचं नाव वाटेच्या शेवटी घेणं म्हणजे काय, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या वाटेवरून तोच जातो.

"दादा, पाया पडते," काकी ओरडली, "स्वतःला नका पाठवू!"

आदाच्या कपाळावरून घाम गळत होता. तो तिसऱ्यांदा सुरू करायला गेला आणि पहिल्याच नावावर गप्प झाला. सुमिओ म्हणायचीच त्याला भीती वाटली, कारण सुरू झालं की शेवट कुठं होणार हे त्याच्या हातात नव्हतं. साठ नावं शाबूत होती. एकच सांधा निखळला होता, आणि तोही नेमका भावाचा.

फोनमध्ये कोंबडा परत आरवला.

मीदो हळूच म्हणाली, "पोजा, जालो. आबो, पोजानंतर जालो."

आदानं तिच्याकडं बघितलं. "तुला कुठून येतं?"

तिनं खांदे उडवले. थाईत म्हणाली, "तू फळीपुढं म्हणायचास ना. ऐकून."

"सगळं येतं?"

"येतं की."

पोरींनी ही नावं म्हणायची नसतात. मला कधी कुणी शिकवली नाहीत, आणि मीही कधी कान देऊन ऐकली नाहीत, वसतिगृहातून आल्यावर तर नाहीच. आदा फळीकडं बघत राहिला. मग फोन उचलून त्यानं मीदोपुढं धरला. "म्हण. मध्ये थांबू नको."

मीदो ताठ उभी राहिली, हात बाजूला, सकाळी शाळेत झेंड्यापुढं उभी राहते तशी. आणि तिनं म्हटलं. एक नाव गाळलं नाही, एक मागं-पुढं नाही. पण प्रत्येक नावाचं तोंड तिनं शेवटी मिटून घेतलं. उघडी नावं होती ती, हजार वर्षं उघडी राहिलेली. तिच्या ओठांवर ती एकेक करून बंद होत गेली. पोजा. जालो. संपलं. तिनं वाकून नमस्कारसुद्धा केला, शाळेत करतात तसा.

मग काकीचा आवाज, दबलेला. "दादा, ही थाई पोरगी कोण आणून बसवलीत?"

"नात आहे," आदा म्हणाला. "जाबेची" म्हणायला गेला आणि नाव घशातच ठेवलं. "मीनेची मुलगी. आपलीच आहे." मीने म्हणजे मी.

"असं का," काकी म्हणाली. "त्याला कळलं असेल तर बरं."

फोन बंद झाला. मीदोनं विचारलं, "बरोबर म्हटलं ना?" आदानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डुकरांना बघायला निघून गेला.

समितीची तारीख आली तेव्हा मी म्हटलं, नको जाऊ. तो म्हणाला, बोलावलंय तर जायचं. कशासाठी जायचं ते मी विचारलं नाही. ज्याच्यासाठी कार्ड पाहिजे होतं तो चर्चमागच्या खड्ड्यात होता.

साहेब तोच होता. माणुसकीनंच म्हणाला, "आजोबा, या वेळी अगदी सोपं विचारतो. तुमच्याच ओळीतलं पहिलं. नाव काय तुमचं?"

आदा उभा राहिला. ओठ घट्ट मिटलेले.

"नाव, आजोबा. नाव."

"येतं का त्यांना एवढं तरी?" चष्मेवालीनं मला विचारलं.

"येतं," मी म्हटलं.

"मग बोलू देत ना."

आदा बोलला नाही. साहेबानं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फोनच्या त्या दुपारपासून आदानं स्वतःचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. फळीपुढं नवा भात ठेवतो, पण नावं म्हणत नाही. नुसता बसतो. थाई तर सुटलीच. चौकीवरचा पोलीस बदलला, नव्यानं विचारलं तर हा मान हलवतो.

नावं मीदो म्हणते. संध्याकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना तिला ती चालीवर बसतात, एका उडीला एक नाव. गावातल्या म्हाताऱ्या तोंड फिरवून जातात. मी दोनदा ओरडले, मग सोडून दिलं. आदा पायरीवर बसून ऐकतो. सुमिओ, ओथोले, थोलेजू, सगळी बंद दारं एकामागं एक, धूळ उडवत लेपोपर्यंत येतात, पोजापर्यंत येतात, आणि पोजानंतर जालो म्हणून ती दोरी टाकते. तिच्या लेखी ओळ तिथंच संपते. जाबे त्यात नाही. तिला जशी मिळाली तशीच ती पक्की झाली आहे. नवव्या वर्षी जे बसतं ते आता कुणी सांगून हलणार नाही.

त्याच्या वेळी पोजानंतर काय म्हणायचं, ते आदानं अजून तिला सांगितलेलं नाही. सांगायचं तर नाव घ्यावं लागेल.